बिनतेलाचे पाय

लोटन पाटकरी वारला त्याच आठवड्यात पिंपळनेरजवळच्या धरणावर स्पर्धा होती. त्याचा मुलगा अभिमन म्हणाला, मी जातो. आपण असे का म्हणालो याचे त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटायला हवे होते. पण तसे काही वाटले नाही. त्या दिवसांत त्याला कशाचेच काही वाटत नव्हते.

स्पर्धा तिहेरी होती. आधी धरणात पोहायचे, मग साक्रीच्या रस्त्याने सायकल हाणायची आणि शेवटी धावायचे. पहिल्या तिघांना पुण्याला राज्याच्या निवडीसाठी पाठवणार होते. वयाच्या अटीमुळे अभिमनला १९९१ चा हा जानेवारी शेवटचाच होता.

आदल्या वर्षी तो पाण्यातून दुसरा बाहेर आला होता आणि तरीही हरला होता. पोहायला तो विहिरीत शिकलेला. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट असते, पहाटे त्यावर वाफ दिसते. धरणाच्या उघड्या पाण्याची त्याला कल्पनाच नव्हती. काठावर आला तेव्हा घोट्यांखाली काही उरले नव्हते. पाय पायडलवर आहे की हवेत, हे खाली वाकून पाहावे लागत होते. सायकलवरून दोनदा पडल्यावर तो रस्त्याच्या कडेला बसून राहिला.

लोटन पाटबंधारे खात्यात कालव्याचे पाणी सोडण्याच्या कामावर होता. त्या हरण्यानंतर त्याने मुलाच्या पायांची काळजी स्वतःकडे घेतली. या हिवाळ्यात रोज उजाडताना तो तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कढवून आणी, धरणाच्या पायरीवर बसून अभिमनचे पाय चोळी आणि तळवे लालबुंद झाल्याशिवाय त्याला पाण्यात उतरू देत नसे. तेलाने पाणी अंगाला लागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. पाय पाण्यात नुसते ओढत नेऊ नकोस, शेवटी शेवटी जोराने मार, हेही त्याचेच. या दोन्हींचा गुण आला होता. डिसेंबरअखेर अभिमन पाण्यातून निघून थेट सायकलवर बसू लागला होता.

मग एका दुपारी लोटन भाकरी खाता खाता भिंतीला टेकला, तो तसाच राहिला.

अग्नी अभिमनने दिला. डोके भादरले. दारावर माणसे येत होती; बायका उंबऱ्यापासूनच गळा काढीत. अभिमन भिंतीशी घोंगडीवर बसून पाही. त्याला रडू आले नव्हते, येईल असेही दिसत नव्हते. सुतकात पायात काही घालायचे नसते. पहाटे अंगणात गेले की जमिनीचा गारठा टाचेत शिरे, आणि तेवढेच काय ते त्याला जाणवे.

“पवाले जास म्हनस?” सुकदेवनानांनी विचारले. नाना लोटनचे थोरले भाऊ. भाऊबंदकीत कोणाकडे काहीही झाले की रीतभात त्यांना विचारून होई. “अग्नी देनारा आंगनबाहेर जात नही, ठाऊक शे ना तुले?”

कोपऱ्यात बसलेली मंजुळाबाई, अभिमनची आई, तोंडावरचा पदर न काढता म्हणाली, “जाऊ द्या त्याले, नाना. घरमा बशीसन काय करी तो? भीतले पाहत बसस.”

भावाच्या माघारी पहिला निर्णय नानांना रीतीविरुद्ध द्यावा लागत होता.

“जाय,” ते शेवटी म्हणाले. “पन सुतक पाळनं पडी. पायमा काही नही, आंगले तेल नही. सुतक फिटीसन गंधमुक्ती व्हवावर बठ्ठं कर. अन् एकला जावानं नही. मी येस संगे.”

अभिमनने मान हलवली. तेलाशिवाय त्या पाण्यात उतरणे म्हणजे काय, हे त्याला नीट कळत होते. पुण्याचा रस्ता त्या पायांवरूनच जात होता. पण बापासाठी करण्यासारखे त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते, म्हणून त्याने वाद घातला नाही.

हिलालने त्यांना आपल्या टेम्पोतून नेले. तो अभिमनचा शाळेपासूनचा सोबती; त्याची जीभ दुखवट्यातही थांबत नसे.

“नाना, तुमी बी उतरा पानीमा. दाढी वाढेल शे, थंडी लागाव नही.”

“तुना तोंडले कुलूप लाव, हिलाल.”

धरणावर धुके होते. पोरे स्वेटर-मफलरात गुरफटून उड्या मारीत होती. जळगावहून आलेल्या कॉलेजच्या मुलांत रतिलाल नावाचा एक उंच मुलगा होता. त्याने अभिमनला पाहून हाक मारली, “काय रे, पाणी कापायला डोकं भादरलंस की काय?”

“त्याना बाप वारना, शेठ,” हिलाल म्हणाला.

रतिलालचा चेहरा पडला. तो गेला आणि थोड्या वेळाने व्हॅसलीनचा डबा घेऊन आला. “हे घे. पायांना जाड थर लाव, बोटांच्या मधेसुद्धा. आम्ही सगळे लावतो.”

“तेल चालत नाही आम्हांला. सुतक आहे,” अभिमन म्हणाला.

“हे तेल कुठंय? व्हॅसलीन आहे.”

प्रश्न नानांपुढे गेला. त्यांनी डबा हातात न घेता दुरूनच निरखला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापुढे असा पदार्थ आला होता ज्याच्याविषयी रीत काही सांगत नव्हती.

“लावं की आंग चकचक करस का?”

“करतं ना,” रतिलालने सांगितले.

“मंग तेलच.”

“नाना, ताटली बी चकचक करस,” हिलाल पुटपुटला. रतिलाल डबा घेऊन परत गेला.

नाना मात्र रिकाम्या हातांनी आले नव्हते. त्यांनी काटक्या गोळा करून शेकोटी केली, गोणपाट निखाऱ्यांवर धरून गरम केले आणि अभिमनला त्यावर उभे केले. पुन्हा तापवले, पुन्हा उभे केले. कोरड्या शेकाला रीतीची ना नव्हती. ते स्वतःही अनवाणी होते; त्यांच्या टाचांच्या भेगांत राख भरली होती.

शिट्टी वाजली. पंचांनी सगळ्यांना गोल उभे केले. “नीट ऐका. पाण्यातून बाहेर आल्यापासून धावणं संपेपर्यंत बाहेरच्या कुणी स्पर्धकाला हात लावायचा नाही. आधार द्यायचा नाही, सायकल धरायची नाही. हात लागला की स्पर्धक बाद. बरोबरच्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवावं.”

नानांनी गंभीरपणे मान डोलावली. नियम सांगणाऱ्या माणसाविषयी त्यांना नेहमीच आदर वाटे.

गोणपाटापासून पाण्यापर्यंत दगडी उतार होता आणि दगडांवर दव होते. तेवढ्या चालण्यातच शेक संपला. पाण्यात शिरताना अभिमनचा श्वास अडकला, मग सुटला. हात आपोआप चालू लागले. आधी पायांची बोटे दुखली, आणि दुखत होती तोवर ती आहेत हे कळत होते. मग तळवे गेले, मग टाचा. मधल्या खुणेला वळसा घालताना त्याला पाय असल्याची केवळ माहिती उरली. तरी तो ते मारीत राहिला. पाणी उडाल्याचा आवाज मागून येई; त्यावरून पाय हलत आहेत असे तो समजे.

तो तिसरा बाहेर आला.

काठावर खडी टाकलेली होती. तो उभा राहिला आणि गुडघ्यांवर पडला. पुन्हा उठून, दोन काठ्यांवर चालावे तसा, सायकलीपर्यंत पोचला. आदल्या वर्षीचेच सारे पुन्हा चालले होते. पण त्या हिवाळ्यात तो एक गोष्ट शिकला होता. घाई करायची नाही. सायकलला धरून उभे राहायचे, पाय जमिनीवर आपटत राहायचे. रक्त उतरते, वेळ लागतो, पण उतरते. चौथा गडी अजून पाण्यातच होता. एवढा वेळ त्याच्याजवळ होता. त्याने उजवा पाय आपटला, डावा आपटला. खडीवर लाल ठिपके उमटले. कुठला तरी तळवा कापला होता. कुठला, ते त्याला कळेना.

दोरीपलीकडून नानांनी ते रक्त पाहिले.

ते दोरीखालून वाकून आले. अभिमनने त्यांना येताना पाहिले. ‘नाना, हात लावू नका,’ एवढे म्हणायला हवे होते, आणि म्हणायला अवधीही होता. ओठ हलले नाहीत की त्याने ते हलवलेच नाहीत, हे त्याला पुढेही कधी ठरवता आले नाही. नानांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवले, समोर मांडी घातली, त्याचा पाय आपल्या धोतरावर घेतला आणि कोरड्या तळहातांनी चोळायला सुरुवात केली.

शिट्टी वाजली. हिलाल ओरडत धावला, “नाना! सोडा! सोडा त्याले!”

पंच जवळ येऊन उभे राहिले. “बाबा, तुम्ही हात लावलात,” ते म्हणाले. मग अभिमनकडे न पाहता त्यांनी टेबलाजवळच्या माणसाला त्याचा क्रमांक सांगितला. “बाद.”

नानांनी वर पाहिले. पंचांचा चेहरा, हिलालचा चेहरा, उभी सायकल. काय झाले ते त्यांना समजत गेले. “हात लावानाच नव्हता,” ते स्वतःशीच म्हणाले. “सांगेल व्हतं त्यासनी. आयकेल व्हतं मी.” पण हात थांबले नाहीत. आता थांबवून काही उपयोग नव्हता, आणि चालू ठेवून होता की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

चौथा गडी बाहेर आला, सायकल घेऊन गेला. हिलाल पाठ फिरवून धरणाकडे पाहत राहिला.

अभिमन आपल्या पायाकडे पाहत होता. नानांचे हात घोट्यापासून बोटांपर्यंत जात, परत येत. जाड, भेगाळलेले हात होते, आणि ते कोणा दुसऱ्याच्या पायावरून फिरत असावेत तसे त्याला दिसत होते. तळव्याला लागलेले रक्त नानांनी धोतराच्या सोग्याने टिपले. तेही त्याला फक्त दिसले.

“आते लागस का?” नानांनी खाली मान घालून विचारले. “हात लागस का माना?”

अभिमनला कसलाच स्पर्श लागत नव्हता.

“लागस, नाना,” तो म्हणाला.

नानांनी तो पाय जपून खाली ठेवला आणि दुसरा मांडीवर घेतला.