घाणेरीचा कुड

मित्रांनो, मी रक्त फिरवणारं एक जुनं यंत्र आहे. बाजूला दांडा, डोक्यावर चार पितळी पेले. पेल्यांत रक्ताच्या काचनळ्या ठेवून दांडा फिरवला, की तांबडं खाली बसतं आणि निवळ पाणी वर राहतं. एवढंच माझं काम. पण फिरताना मला गुंगी येते. खिडकी, कपाट, बाहेरचा निंब, सगळं एकमेकांत मिसळतं आणि मी जागा आहे की झोपेत, हेच कळत नाही.

१९५८ साली घाटंजी गावाजवळच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर घनश्याम आले, त्यांच्याच पेटीतून मी आलो. जनावरांचं यकृत कसं चालतं आणि कशानं बिघडतं, याचा ते शोध घेत होते. ते बिघडलं की नळीतलं वरचं पाणी हळदीसारखं पिवळं दिसतं. दांडा फिरवायला चपराशी होता उकंडा. त्याचा हात इतका सम, की मला कधी झटका बसला नाही. डॉक्टरांनी फिरवलं की मात्र माझी स्वप्नं मोडायची.

एका चैत्रात जवळच्या गावातले शेतकरी पंजाबराव यांचा बैल मेला. बाजारातून आणलेली नवीच जोडी. दुसऱ्याचंही नाक सोललेलं आणि डोळे पिवळे. आम्ही गाडीनं त्यांच्या गोठ्यावर गेलो. मला गाडीच्या फळीला आवळलं, आजारी बैलाचं रक्त काढलं. मग डॉक्टर उकंडाला म्हणाले, "मेलेला बैल ओढून बाहेर काढ. ऊन चढायच्या आत मला यकृत पाहायचंय."

उकंडाचा हात दांड्यावरून हलला नाही.

"साहेब, थे काम आमी सोडलं. छप्पन साली धर्म घेतला, तवाच सोडलं."

"तुह्या बापानं जन्मभर ओढलं," पंजाबराव म्हणाले. "तुलेच काहून जड होऊन राह्यलं?"

"बापानं ओढलं म्हनूनच."

डॉक्टर चिडले. "सरकारी नोकरी आहे, उकंडा. मला वर लिहावं लागेल."

"लिहा, साहेब."

आवाज शांत होता, पण त्यानं दांडा घट्ट आवळला होता आणि ते फक्त मलाच कळत होतं. घरी तुळसाबाई आणि दोन लेकरं त्या पगारावर होती. मला फार भीती वाटली.

जमलेल्या माणसांतलं कोणी पुढे होईना. शेवटी डॉक्टरांनी बाह्या सारल्या आणि दोर स्वतःच धरला. एकट्यानं ओढवेना, तेव्हा पंजाबरावांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून दुसरं टोक धरलं.

बैल फाडला. यकृत सुजून मातकट पिवळं झालेलं. चारा पाहिला, पाणी पाहिलं, दोन्ही चांगलं. डॉक्टरांना काही सुचेना. उकंडा मला फिरवत होता, नजर गोठ्याच्या काटक्यांनी विणलेल्या भिंतीकडे. मी थांबलो तेव्हा वरचं पाणी पिवळं होतं.

"साहेब, हा कुड पाहा," तो म्हणाला. "दरसाल कापसाच्या पऱ्हाटीचा असते. यंदा पऱ्हाटी चुलीत गेली आन् हिरवी घाणेरी विणली. बैलाच्या तोंडाइतक्या उंचीवर एक पान राह्यलं नाही. गावची ढोरं घाणेरीले तोंड लावत नाहीत, पन या नव्यायले काय ठाव?"

डॉक्टरांनी कुडातली एक ओरबाडलेली फांदी ओढून पाहिली. घाणेरीचं विषच यकृताला लागलं होतं आणि त्यानंच उन्हात नाकाची कातडी सोलली होती. मग त्यांनी आजारी बैल सोडून आंब्याच्या सावलीत बांधायला सांगितलं. महिनाभर दर आठवड्याला मी त्याचं रक्त फिरवलं. पिवळं फिकट होत गेलं आणि आषाढात तो औताला लागला.

वर काही लिहिलं गेलं नाही. लिहिला तो शोधनिबंध. छापून आला तेव्हा डॉक्टरांनी उकंडाला वाचून दाखवला. त्यांनी लिहिलेलं उकंडाचं नाव छापणाऱ्यांनी गाळलं होतं. 'दवाखान्यातील एका नोकराच्या लक्षात आले' एवढंच उरलं होतं. माझं नाव मात्र होतं, कंपनीसकट. डॉक्टरांचा चेहरा उतरला. उकंडानं माझे पेले पुसले.

आज मी काचेच्या कपाटात आहे. येणारे मला निरखतात, माझ्याबद्दल विचारतात. मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा, तेलपाणी करा. पण त्याआधी कोणाला तरी विचारा, हा दांडा कोण फिरवत होतं. ज्याला विचाराल त्याला माहीत नसेल, म्हणून मीच सांगून ठेवतो. उकंडा श्रावण मुनेश्वर.