तापाची पहिली तारीख

नव्या तापाच्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करणाऱ्या त्या अभ्यासात तिचं काम साधं होतं. दर महिन्याला रक्त घ्यायचं, फॉर्म भरायचा आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहायचं. फॉर्मवर नावं नसत, नंबर असत. सत्तावीस नंबरचा मेळ काही केल्या बसत नव्हता.

सत्तावीस म्हणजे बसचालक. चाळिशीचा, तोंडाने फटकळ. त्याची आई याच तापात गेली. त्याने स्वतःच्या तापाची तारीख तीन सांगितली होती, घरात सगळ्यांच्या आधीची. पण बारा तारखेला घेतलेल्या त्याच्या पहिल्या नमुन्यात अँटीबॉडीचा पत्ताच नव्हता. बाकीच्या रुग्णांत ताप आल्यापासून आठवड्याभरात त्या दिसत होत्या. उलट त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि तिच्या फॉर्मवर 'ताप आला नाही' असं लिहिलेलं होतं. तिच्या त्याच दिवशीच्या नमुन्यात मात्र त्या भरपूर होत्या.

"तारीख परत एकदा आठवून सांगता का?" त्याच्या दंडाला पट्टा बांधताना तिने विचारलं.

"एकदा सांगितली ना, डॉक्टरीणबाई."

"मी डॉक्टर नाही."

"सुई तर तशीच टोचता."

"तुमचं रक्त म्हणतंय, तीन तारखेच्या बऱ्याच नंतरचा ताप आहे."

तो भरणाऱ्या नळीकडे बघत राहिला. "रक्तच चहाडखोर निघालं म्हणायचं." मग आवाज उतरला. "हे घरी कळेल का?"

"नाही. इथलं इथंच राहतं."

"मग नऊ लिहा. आईला ताप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी." त्याने कापूस दाबून धरला. "धाकटा भाऊ इरेला पेटलाय, ताप घरात कोणी आणला ते कळलंच पाहिजे म्हणतो. मला काय, मी निगरगट्ट. पण बायकोचं नाव पुढे आलं, तर तिला त्या घरात पाणीसुद्धा गोड लागायचं नाही."

अभ्यासात खाडाखोड चालत नसे. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची. तिने तसं केलं. रेघेखाली तीन स्पष्ट दिसत होता. खोट्यालाही त्याच्या जागी राहू देणारा हा नियम तिला पहिल्यांदाच बरा वाटला.

बसचालक बाहेर बाकावर जाऊन बसला आणि धाकटा भाऊ आत आला. तो तुलनेसाठी घेतलेला घरातला निरोगी माणूस. ताप नाही, साधी शिंकही नाही.

"ताई, एक सांगा. दादाचा ताप आधीचा की वहिनीला आधी काही झालं होतं?"

"दुसऱ्याचं सांगता येत नाही."

"म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय."

"दादांनी तुमच्याबद्दल विचारलं असतं, तरी हेच सांगितलं असतं."

"माझ्याबद्दल विचारण्यासारखं आहे काय?"

तिने नळीवर नंबर चिकटवला. "तुमचा स्वतःचा अहवाल तुम्हाला मिळू शकतो. मागितलात तर."

"मागितला. सांगा."

"पहिल्याच नमुन्यात अँटीबॉडी आहेत. तुम्हाला संसर्ग होऊन गेला होता. ताप न येता."

"कधी?"

"तापच आला नाही, तर तारीख कशावरून काढणार?"

"आईच्या आधी?"

"असेल. नसेलही."

कापूस केव्हाच कोरडा झाला होता, तरी त्याचं बोट तिथेच.

"आईचं ताट मीच नेऊन द्यायचो," तो म्हणाला. आणि मग, "हे घरी कळेल का?"

"नाही."

"दादा बाहेर बसलाय."

"हो."

"दुसरं दार आहे का इथे?"

"एकच आहे."

त्याने बाही खाली केली, बटण लावलं आणि दार उघडलं. बसचालकाने त्याच्याकडे न बघताच बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. धाकटा क्षणभर उभा राहिला, मग त्या जागेवर बसला.