चवदा दहा छप्पन

भर दुपारी बेबीबाई न्हाणीत शिरली, अंगावर पहिला तांब्या घेणार तोच बाहेर घुईं असा बारीक आवाज झाला. पडद्याच्या फटीतून पाहते तर अंगणातला कॅमेरा फाटकाकडून मान वळवून थेट न्हाणीकडे रोखलेला. तिनं साडी गुंडाळली आणि हाताला लागलं ते मुसळ घेऊन बाहेर आली.

"अवं, फोडतं काय त्याले?" तिचा नवरा इंद्रभान आडवा झाला. "आपला धम्मरत्न असन पाहून राह्यला पुन्याहून."

"माहा पोरगा न्हानीकडं पाहीन? लावा फोन!"

पोरानं लगेच फोन उचलला. "आई, मी तं ड्युटीवर हाओ. म्या हातबी नाई लावला."

आई-बाप शेतात गेले की इंझोरी गावातलं घर पुण्यातून दिसावं, म्हणून त्यानंच हा कॅमेरा धाडला होता. नेट जोडून देणाऱ्या कामरगावच्या अमाननं राउटरच्या डब्यातून बाहेरची वाट उघडून दिली, तेव्हापासून पासवर्ड टाकला की कुठल्याही फोनवर अंगण दिसे आणि कॅमेऱ्याची मानही फिरवता येई. इंद्रभाननं ते महिनाभर गावात मिरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तासाभरात अमान आला. बेबीबाई त्याच्यावरच धावली, "तूच पाह्यतं काय रे?"

"अम्मीकसम काकू, नाई." त्यानं फोनात डोकं घातलं. "कॅमेऱ्याले दोन फोन लागले हायेत. एक माहा. दुसरा आत्ता, ह्याच टायमाले पाहून राह्यला."

बेबीबाईनं पदर गळ्यापर्यंत ओढला. आपल्याच अंगणात तिला उभं राहायला जागा उरली नव्हती. फार लाज वाटली तिला, आणि लाजेहून जास्त संताप आला.

"काका, पासवर्ड काय ठेवला?"

"चवदा दहा छप्पन," इंद्रभान ताठ मानेनं म्हणाला. "दीक्षेचा दिवस. मी दुसरं काय ठेवीन?"

"या वस्तीत साऱ्यायचा तोच हाये, काका! कोनीबी पह्यले तोच दाबून पाहीन."

इंद्रभान मटकन ओट्यावर बसला. त्यानं भक्तीनं लावलेलं कुलूप होतं ते.

"कुंपनानंच शेत खाल्लं," बेबीबाई म्हणाली. "अमान, माही जलमतारीख टाक."

"एक जानेवारी? ते तं आधारवर हाये," इंद्रभान पुटपुटला.

"ते मास्तरनं टाकली मनानं. खरी मले मायनं सांगतली होती. या घरात तेहतीस वर्सं झाली, कोनी इचारली नाई."

"कोनती व?"

"तुमी तिकडं तोंड करा."

इंद्रभाननं मुकाट्यानं तोंड फिरवलं. बेबीबाईनं अमानच्या फोनवर एकेक आकडा आपल्या बोटानं दाबला. कॅमेरा बंद पडून पुन्हा चालू झाला. आता एकच फोन लागलेला होता.

अन् भिंतीपलीकडून, चुलत दीर प्रसेनजितच्या ओसरीतून, आवाज आला, "आँ? हे काहून गेलं?"

इंद्रभानची मान खाली गेली ती वर येईना. बेबीबाईनं पदर खोचला आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"प्रसेनजित! वैनी हाये इथं. ये, समोर येऊन पाह्य!"