सहा ते सात

तळाच्या फाटकावर नवा फलक लागला तेव्हा लहूने तो वाचला नाही. लष्कराचे फलक त्याने आजवर बरेच पाहिले होते आणि त्यातल्या कशानेच त्याचं काही अडलं नव्हतं. कोळीवाडा आणि खाडी यांच्या मधली सगळी जमीन तळासाठी गेली, ती त्याच्या आजोबांच्या वेळी. त्या वेळच्या साहेबाने तोंडी सांगितलं होतं की गाड्या नाहीत, पण कोळ्यांनी सायकलीने खाडीवर जावं, यावं. एवढ्याच बोलण्यावर तीन पिढ्या त्या रस्त्याने गेल्या. दुसरी वाट नव्हतीच. एका अंगाला खारफुटीचा कंबरभर चिखल, दुसऱ्या अंगाला तळाचं कुंपण थेट पाण्यात उतरलेलं.

फलक वाचला तो दशरथने. लहूखेरीज अजून खाडीवर जाणारा वाड्यात तो एकटाच उरला होता.

"लहूदा, पहिल्या तारखेपासून सायकलवाल्यांना पास," तो म्हणाला. "फोटोवाला. सायकलीला नंबर. आन् डोक्यावर हेल्मेट."

"हेल्मेट?"

"मंग! उद्या होडीत बसताना पन घालाय लावतील. पापलेटाला टक्कर झाली तं?"

"खाडीत पापलेट कया रं आलं?" लहू म्हणाला, आणि दोघे हसले.

पास काढायला दोघे एकाच दिवशी गेले. खिडकीमागे सिद्धेश नावाचा कंत्राटी मुलगा बसला होता. वाकोल्याहून यायचा, मूळचा मालवणकडचा. त्याने आधारकार्ड पाहिलं, फोटो काढला, संगणकावरून नजर न उचलता विचारलं, "काका, रोज जाता?"

"रोज."

"किती वाजता?"

"साडेसहाला."

दशरथला त्याने तेच विचारलं. दशरथ म्हणाला, "आमी दोगं संगतीच जाताव."

दोन्ही उत्तरं खरी होती. लहू रोज जायचा, आणि त्या दिवशी द्वितीया असल्यामुळे साडेसहाला गेला होता. कोळीवाड्यात 'कधी जाणार' या प्रश्नाचा अर्थ 'आज कधी जाणार' एवढाच असतो. उद्याची वेळ वेगळी असते हे लहान मुलालाही माहीत असतं, म्हणून ती कुणी विचारत नाही.

त्याचं जाळं खाडीच्या मधल्या धारेत, खोल रोवलेल्या चार खुंटांना बांधलेलं होतं. ओहोटीचं पाणी बाहेर धावू लागलं की त्याच्या जोराने जाळ्याचं तोंड उघडायचं आणि कोलंबी, बोय, कधी एखादा जिताडा आत अडकायचा. पाणी पुरतं उतरलं की थोडा वेळ थांबतं. तेवढ्यात होडी लावून जाळं रिकामं करायचं आणि पुन्हा बांधायचं. उशीर झाला तर भरती उलटी आत येते, मासळी निसटते, जाळं खुंटांना गुंडाळलं जाऊन फाटतं. पाणी थांबण्याची ही वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. लहूने घड्याळ कधी बांधलं नाही. तिथी माहीत असली की झालं.

नियम लागू झाला त्या दिवशी षष्ठी होती. लहू साडेनऊला फाटकावर पोचला. हेल्मेट त्याने हँडलला अडकवलं होतं, ते जवानाने डोक्यावर घालायला लावलं. मग पास यंत्रासमोर धरला. यंत्राने लाल दिवा दाखवला.

जवानाने पास उलटा करून त्याच्यासमोर धरला आणि बोट ठेवलं. प्रवेश, सकाळी सहा ते सात.

"ते त्या दिवसाचं," लहू म्हणाला. "आज सष्टी हाय. आज पानी साडेदहाला."

जवान हरयाणाकडचा असावा. त्याने लहूचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "चाचा, कल सुबह छह बजे आना."

लहू तिथेच उभा राहिला. सकाळच्या कवायतीची मुलं परतत होती. अकराच्या सुमारास त्याने सायकल वळवली.

घरी बायकोने, पार्वतीने, रिकामा क्रेट पाहिला. ती मासळी घेऊन घाटकोपरच्या बाजारात बसायची. त्या दिवशी तिने पाटी धुऊन उपडी घातली आणि शेजारणीबरोबर बोंबील सुकवायला गेली.

दुसऱ्या दिवशी लहू सहाला गेला. हिरवा दिवा लागला. खाडीवर पोचला तेव्हा पाणी उतरायला लागून तासभर झाला होता. धार इतकी जोरात होती की जाळ्याजवळ होडी थांबवणं शक्य नव्हतं. पाणी थांबायला अजून चार-पाच तास होते आणि बाहेर पडायची वेळ पासवर नऊ छापली होती. तो परत आला. जाळं पाण्याखाली भरत राहिलं.

संध्याकाळी भाविका कामावरून आली. साकीनाक्याला खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. रसायनशास्त्र शिकलेली, घरातली पहिली पदवीधर. तिने बापाच्या हातातून पास घेतला, वाचला.

"बाबा, तू त्याला सांगितलं नाहीस की वेळ बदलते?"

"त्याने इचारला नाय."

"अरे, पण त्याला कसं कळणार?"

"मालवनचा पोर हाय तो. खारं पानी पिऊन वाढलेला. मना वाटला, कललं असंल."

ती दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून खिडकीवर गेली. सिद्धेशने तिचं बोलणं संपायच्या आतच मान खाली घातली.

"ताई, माका कळला ओ. दोन दिवसांनी कळला. आजोबा होडयेवर होते माझे. पण तेव्हा समोर रांग होती, आणि मशिनीत वेळेचो एकच रकानो. तो भरल्याशिवाय पुढे जातच नाय."

"बदलता येईल?"

"साहेबांका विचारूया."

साहेबांची भेट तीन खेपांनंतर मिळाली. तोवर भाविकाने वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा एकत्र करून तक्ता छापून आणला होता. लहू सोबत होता. इस्त्री केलेला सदरा घातलेला, आणि हेल्मेट हातात, कारण ते कुठे ठेवायचं त्याला कळेना.

साहेब सभ्य माणूस होता. त्याने दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. तक्ता नीट पाहिला. मग सावकाश हिंदीत म्हणाला की त्याची अडचण साधी आहे. कोण कधी आत असणार, हे तळाला आधी माहीत असायला हवं.

"तेच आणलंय, सर," भाविका म्हणाली. "वर्षभराचं, आजच. यात चुकलं तर फार तर दहा मिनिटं."

"म्हणजे रोज वेगळी वेळ."

"वेगळी, पण ठरलेली."

"पहाऱ्यावरच्या माणसाला ती अनियमितच दिसणार ना?" तो म्हणाला. "आणि यातल्या निम्म्या वेळा अंधारातल्या आहेत. सूर्यास्तानंतर बाहेरच्या कुणालाच आत सोडता येत नाही, मलाही अधिकार नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "एक करू शकतो. वेळ बदलून देतो. तुम्हाला हवा तो तास निवडा. पण वर्षभर तोच. आणि सलग दहा दिवस पास वापरला नाही तर तो आपोआप बंद होतो, तेवढं लक्षात ठेवा. पुन्हा मिळायला वर्ष लागेल."

लहूने भाविकाकडे पाहिलं. "कुठला तास घेवाचा, बाय?"

तिने तक्ता पुढे ओढला. ती हिशेबात पक्की होती. सकाळी आठ ते नऊ घेतलं, दुपारी बारा ते एक घेतलं, चार ते पाच घेतलं. प्रत्येक तासाखाली तिने पेन्सिलीने खुणा केल्या. साहेब वाट पाहत होता, लहू तिच्या हाताकडे पाहत होता. पाणी कुठल्याही तासापाशी थांबत नव्हतं. कुठलाही तास निवडला तरी पंधरवड्यात दोन, फार तर तीन दिवस जुळत होते. त्यातल्या त्यात सहा ते सात बरा, कारण त्याचे दिवस उधाणाच्या लगेच मागचे. बाकीचे तास भांगाकडे सरकत होते, तेव्हा पाण्याला जोर नसतो आणि मासळीही नसते.

"आहे तोच ठेवू," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर लहू बराच वेळ सायकल हाताने ढकलत चालत होता. शेवटी म्हणाला, "माजीच चूक झाली. तोंडातून साडेसहा निंगाला नसता तं..."

"नाही बाबा. तू काहीही सांगितलं असतंस तरी हेच झालं असतं. मी मोजलं ना आत्ता."

हे ऐकून त्याला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण त्याची पावलं आणखी मंदावली. चूक असती तर ती सुधारता आली असती, हे त्या क्षणी त्या दोघांनाही कळलं.

वाड्यातल्या मंडळींनी अर्ज केला. नगरसेवकाचा माणूस येऊन फोटो काढून गेला. दशरथने मात्र त्याच आठवड्यात निकाल लावला. त्याच्या भाच्याने मुलुंडला एका टॉवरवर वॉचमनची जागा बघून ठेवली होती. जाळं त्याने आधीच्या पंधरवड्यात सोडवून आणलं होतं, दुरुस्तीसाठी. ते घरीच राहिलं. निघताना तो लहूकडे आला. अंगात निळा सदरा, खांद्यावर कसली तरी पट्टी.

"बग लहूदा, आता मी पन गेटवर. येनाऱ्या-जानाऱ्याला इचारनार, किती वाजता आलास रं?"

"आन् त्याने बरोबर सांगितला तं?"

"तरी नाय सोडनार. ड्यूटी हाय माजी." तो हसला. लहू हसला नाही. मग दशरथचंही हसू राहिलं. "तू पन चल ना. दोन मानसं पायजेत त्यांना. बसून काम हाय."

"जालं हाय माजं पान्यात," लहू म्हणाला.

पुढची प्रतिपदा आली तेव्हा भाविका बापाबरोबर निघाली. तिचाही पास काढला होता, मदतनीस म्हणून, तोच तास. सहाला दोन्ही सायकलींना हिरवा दिवा लागला. तळातला रस्ता स्वच्छ होता, कडेच्या दगडांना चुना लावलेला. दोघं धक्क्यावर पोचली.

पाणी संथ होत आलं होतं. होडीतून जाताना लहू उभा राहून वल्हं मारत होता आणि तिला जाळं दिसायच्या आधी त्याला दिसलं. चारांतला एक खुंट मोडून आडवा झाला होता. जाळं बाकीच्या तिन्हींभोवती पिळून दोरखंडासारखं झालं होतं. त्यात चिखल होता, प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या आणि मेलेली, फुगलेली मासळी होती. इतकी की पिळाच्या प्रत्येक वळणात पांढरं काही दिसत होतं. वास येताच भाविकाने नाकावर हात धरला. प्रयोगशाळेत असे नमुने ती रोज हाताळायची. हा वास तसाच होता, फक्त त्याला झाकण नव्हतं.

लहूने हात घालून पीळ उलगडायचा प्रयत्न केला. एक घडी सुटली, दुसरी फाटली. हाताला कोलंबीचे काटे लागून रक्त आलं.

"बाबा, घरी नेऊन सोडवू."

"ओलं उचलनार कसं? चार मानसांचं काम हाय."

"मग?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. तिच्या, कारण त्याला नव्हतं. आठ वाजत आले होते. नऊच्या आत फाटक गाठायचं होतं. पाणी उलटायला लागलं होतं, होडीचं तोंड आपोआप वाड्याकडे वळत होतं. लहूने कमरेचा सुरा काढला आणि एकेक करून दोऱ्या कापल्या. शेवटची कापली तेव्हा जाळं लगेच वाहून गेलं नाही. आधी थोडं खाली बसलं, मग भरतीबरोबर आत, खारफुटीच्या दिशेने हळूहळू सरकत गेलं. त्याच्या आजोबांनी विणायला घेतलेलं जाळं ते नव्हतं. तसं जाळं इतकी वर्षं टिकत नाही, दर दोन-तीन वर्षांनी नवं होतं. पण जागा तीच होती, आणि ती कधी मोकळी राहिली नव्हती.

फाटकाबाहेर पडताना यंत्राने दोघांनाही हिरवा दिवा दाखवला.

 घरी पार्वतीने लहूच्या हातावर हळद लावली. भाविकाला वाटलं, आता संपलं. वाईट झालं, पण संपलं. तिने मनात ठरवलं की रविवारी दशरथकाकाला फोन करायचा, ती दुसरी जागा अजून रिकामी आहे का विचारायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सायकलीचा स्टँड वाजला तशी ती उठून दारात आली. लहू हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवत होता. कॅरियरवर क्रेट बांधलेला होता. पार्वती उंबऱ्यावर उभी होती.

"जालं नाय, काय नाय, तं कया चाललाव तुमी?" ती विचारत होती.

"धा दिवस नाय गेलो तं पास बंद होतो."

"आन् पास घेऊन काय करनार?"

"तीन खुंट हायत अजून," लहू म्हणाला.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. सहाला निघायचा, नऊच्या आत परत यायचा. क्रेट रिकामाच असायचा. नवं जाळं त्याने घेतलं नाही. नवं जाळं बांधलं तरी पंधरा दिवसांत तेच होणार होतं. भाविकाने दशरथला फोन केला. ती दुसरी जागा भरली होती.

एका सकाळी लहू नुकताच निघून गेला होता. भाविका चहा घेत बसली होती. भिंतीवर तिने लावलेल्या तक्त्याकडे तिची नजर गेली, सवयीने. अष्टमी होती. भरती सहा वाजता पूर्ण झालेली. भांगाची असली तरी खुंटांच्या डोक्यावर वीतभर पाणी असणार होतं. बाप धक्क्यावर पोचेल तेव्हा त्याच्यासमोर सपाट पाण्याखेरीज काही दिसणार नव्हतं. हे तिला तक्ता वाचून कळत होतं. त्याला तर ते निघण्याआधीच माहीत होतं.