चोविसावा खण

कॉम्प्युटर चुकत नाही, चुकतो तो माणूस. विसाव्या शतकाने मानवजातीला दिलेलं हे अंतिम सत्य आहे, असं अनंतरावांनी १९९६च्या पाडव्याला आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जाहीर केलं आणि पार्किंगची यादी फळ्यावर लावली. फ्लॅट चोवीस, जागा चोवीस. यादीत नावं सात.

आमच्याकडे दर पाडव्याला प्रत्येकाची गाडी एक जागा पुढे सरकते. चोविसावी जागा जिन्याला लागून, सावलीत. गेलं वर्ष ती आठ नंबरच्या अनंतरावांकडे होती. यंदा सात नंबरच्या वासंतीताईंची पाळी. ताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा गुडघा दुखरा आणि तेविसावी जागा थेट इमारतीच्या मागे, त्यामुळे त्यांनी वर्ष दिवस मोजून काढलं होतं.

अनंतरावांनी निवृत्तीनंतर तीन महिने क्लास करून सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता. गळलेल्या सतरा जणांना ते समजावत होते, की मशीनने काही विचार करूनच वगळलं असणार.

ताईंनी प्रोग्रॅमचा कागद मागवला. चष्मा पुसला.

"जागांसाठी खण किती केलेत?"

"चोवीस, ओळीने. ॲरे म्हणतात त्याला."

"पहिल्याचा नंबर?"

"शून्य. सी शून्यापासून मोजते."

"म्हणजे शेवटचा तेवीस. आणि तुम्ही फ्लॅट नंबर भरलेत कुठून?"

"एक ते चोवीस. माणसासारखे."

"मग मला कुठे ठेवलंत?"

अनंतरावांनी कागदावर बोट ठेवून खण मोजले. चोवीस नंबरचा खण नव्हताच. सी अशा वेळी हटकत नाही. हद्दीपलीकडे जे असेल त्यावर लिहून मोकळी होते. तिथे शेजारी 'एकूण फ्लॅट' हा आकडा राहत होता. ताईंचा सात त्याच्यावर जाऊन बसला, एकूण फ्लॅट सात झाले आणि मशीनने इमानाने सातच ओळी छापल्या.

जमलेल्यांपैकी कुणी हसलं नाही. ते आम्ही घरी जाऊन करतो.

अनंतराव म्हणाले, संध्याकाळपर्यंत खण पंचवीस करतो, हद्द तपासणारी ओळ घालतो, नवी यादी लावतो.

ताईंनी कागद घडी घालून परत दिला.

"सावकाश करा. आधी माझ्या जागेत तुमची स्कूटर आहे, ती तेवढी काढा."