पेज म्हणजे पाणीच

आसगावात माझ्या ओसरीवर दुपारी पोरं गणितं सोडवायला येतात. शाळेतून निवृत्त झालो, तरी ती सवय सुटली नाही. रुचिता त्यांतली सर्वांत मोठी, अकरावीतली. वजन एकशे तीस किलोच्या वर, साखर वाढलेली, झोपेत श्वास अडकायचा. औषधं, आहार, चालणं, सगळं करून झालं होतं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरबाईंनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं. तिचे वडील इश्वर विचारायला आले, तेव्हा मी म्हणालो, "हा आजार आहे बापा, आळस नाही. करून घे."

ऑपरेशनआधी काही दिवस फक्त पातळ घ्यायचं होतं. यकृतावरची चरबी उतरली की दुर्बीण सुखरूप आत फिरते. पण तपासणीत वजन तसंच, आणि साखर उलट चढलेली.

"चोरून खात असेल तर मी तिचा जीव धोक्यात घालणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या खेपेला फरक दिसला नाही, तर ऑपरेशन रद्द."

दुसऱ्या दिवशी रुचिता ओसरीवर आली, पण वही उघडेना.

"बाबा मले खोटारडी म्हणतात. गुरुजी, एक घास नाही खाल्ला मी."

"बरं. काल काय काय पोटात गेलं, क्रमानं सांग. घाई नाही."

"सकाळी पावडरचं दूध. मंग ताक. दुपारी डाळीचं पाणी. रात्री अखीन पावडर."

"मधे?"

"काहीच नाही. पाणी."

तेवढ्यात तिची आजी गोदावरीबाई पदराखाली गडवा घेऊन आली. "घे वं माय, पे. पोरगी सुकून राहिली, गुरुजी. एवढं मोठं ऑपरेशन, अंगात ताकद नको?"

गडव्यात पेज होती. नव्या तांदळाची, मीठ घातलेली.

"वहिनी, हे पाणी?"

"नाई तं काय? पेज म्हंजे पाणीच! डाक्टरीनबाई म्हणे पातळ द्या, तं म्या पातळच देल्लं. पाणी मागन तवा हेच."

मला हसू आलं नाही. आमच्याकडे दोन गडवे पेज पिऊन माणूस सांगतो, अजून जेवलो नाही. मीही जन्मभर तेच सांगत आलो.

"जरा बसा," मी म्हणालो आणि फडक्यातून पेज गाळली. फडक्यात मूठभर मऊ भात राहिला.

"हा तं भात होय," गोदावरीबाई हळूच म्हणाली. "पन खालचं तं पाणी?"

"त्याच पाण्याची लुगड्याला खळ देता ना? कपडा कडक कशानं होतो?"

तिनं गाळलेल्या पाण्यात बोट बुडवलं, चिकट लागलं. मग डोळ्याला पदर लावला. "म्हंजे म्याच पोरीचं ऑपरेशन अडवलं?"

"रडू नको वं आजी," रुचिता म्हणाली. "लोकं मले रोजच हासतात. आता जरासे तुले हासतीन."

आजी रडता रडता हसली.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "पातळ म्हणजे काय, ते मी सांगायला हवं होतं. चूक माझी, गुरुजी. थोडी मुदत वाढवते." संध्याकाळी इश्वरने लेकीजवळ बसून एवढंच म्हटलं, "चुकलो बेटा."

त्यानंतर आजीनं असा पहारा दिला की विचारू नका. शेजारची सत्यभामाबाई मायेनं पेज घेऊन आली, तर दारातूनच परत. "तुही पेज तू पे! भात होय तो!"

पुढच्या तपासणीत वजन उतरलं, साखरही. ऑपरेशन सुखरूप झालं.

वजन अजून उतरतं आहे. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत, घास लहान आणि सावकाश. परवा तलावाखालच्या बांधीत, चिखल केलेल्या भातखाचरात, धानाची रोपं लावायचा रोवणा चालला होता. बायांच्या रांगेत रुचिता वाकलेली पाहून मी धुऱ्याच्या बांधावरच थांबलो.

"रुचिता, तुही ओळ तं सापावानी गेली वं!" कुणीतरी ओरडलं.

तिनं चिखलाच्या हातानं माझ्याकडे बोट केलं. "सरळ रेष गुरुजीनं शिकवली. त्याहिलेच बोला!"

बाया खदखदल्या. मी हसून हात जोडले, मनात आभारही मानले. कुणाकुणाचे, ते सांगत बसलो तर रोवणा आटपेल.