सावेताची उघडी खिडकी

मी एक जुनी भयकादंबरी आहे. अशीतशी नव्हे, जगप्रसिद्ध! माझ्यामुळे अर्ध्या जगाला दिवा लावून झोपायची सवय लागली. माझी ही प्रत आली ट्रान्सिल्वानियातल्या एका डोंगरगावाच्या वाचनालयात, म्हणजे ज्या मुलखातले भूत माझ्यात आहे तिथेच. माझा लेखक तिकडे कधी फिरकलाही नव्हता. पण मित्रांनो, माझा तोरा काय वर्णावा!

हिवाळ्याच्या तोंडावर बायका लोकर कातायला सावेताच्या घरी जमत आणि ग्रंथपाल वेतुरिया मला मोठ्याने वाचून दाखवी. मला वाटले, आता हातातल्या चात्या गळणार. झाले भलतेच. माझ्यातल्या भुताने, म्हणजे गढीत राहणाऱ्या सरदाराने, पाहुण्याला जेवू घातले, तर शेजारीण रफिला म्हणते कशी, "पाहुण्याला एकट्यालाच जेवायला बसवतो? गढी एवढी मोठी, अन् रीत एवढीशी!" सगळ्या खो खो हसल्या.

सावेता मात्र हसली नाही. तिचा नवरा ग्लिगोर दोन महिन्यांपूर्वीच वारला होता. मेलेला माणूस परतलाच तर आपल्याच घरी परततो, अशी त्या गावाची समजूत. ती जिवाचा कान करून ऐकत होती. शेवटचे पान संपले तशी म्हणाली, "एवढं नावाजलेलं पुस्तक, अन् ह्याचं भूत परक्यांच्या दारी हिंडतं? त्याला आपलं माणूस नाही? मेलेल्याला हाकलायचं कसं, तेवढंच लिहिलंय. आला तर घरात घ्यायचं कसं, ते कुठंय?"

जन्मात पहिल्यांदाच मी वरमले.

संत आंद्रेईच्या सणाला तिथे संध्याकाळीच दारांना, खिडक्यांना लसूण चोळतात, मेलेल्यांनी आत येऊ नये म्हणून. रफिला लसूण घेऊन आली. सावेताने सगळीकडे चोळू दिला, पण चुलीजवळची खिडकी अडवली.

"ही राहू दे. यायचा तर इथूनच यायचा. घरी आला की आधी चुलीवर काय शिजतंय ते बघायचा."

"वेड लागलंय का गं तुला?"

"लागू दे!"

तिने ती खिडकी थोडी उघडली आणि वाऱ्याने मिटू नये म्हणून फटीत मला घातले. मी चांगली जाडजूड. वाऱ्याच्या बापानेही हलले नाही.

आत आले ते फक्त बर्फ. माझी पाने फुगली, पुठ्ठा सुटला. सकाळी वेतुरिया मला न्यायला आली, पण सावेताच्या तोंडाकडे बघून तशीच परत गेली.

मित्रांनो, पुस्तके ओलीत ठेवू नका, नीट जपा. मला मात्र इथून काढू नका. ग्लिगोर अजून आलेला नाही.